गाऱ्हाण्याचा वारसा

एखादी वस्तू उपयोगातून गेली म्हणजे तिच्याविषयीची माया वाढीस लागते, हा मनुष्यस्वभावाचा एक विलक्षण धर्म आहे. वाड्यात जोवर आडाचे पाणी भरावे लागत होते, तोवर रहाटाच्या कुरकुरीला घरातील बायका वैतागत असत. पुढे नळ आला, आड बुजला, आणि त्याच रहाटाचे चाक आता दिवाणखान्याच्या भिंतीवर टांगलेले दिसते. यात काही वावगे आहे असे सहसा कोणास वाटत नाही. जुने ते जपावे, हे म्हणणे आज इतके सर्वमान्य झाले आहे की त्याच्या पाठीमागे काही प्रश्न दडला असेल ही शंकाही मनास शिवत नाही. परंतु प्रश्न आहे, आणि तो निव्वळ रसिकतेचा नसून नीतीचा आहे. ज्या गोष्टीच्या तावडीतून सुटण्यासाठी एका पिढीने अर्ज केले, सभा भरविल्या, शिष्टमंडळे पाठविली, तिचेच दुसऱ्या पिढीने तिकीट काढून कौतुक करावे, हे त्या पहिल्या पिढीशी इमान राखणारे वर्तन म्हणता येईल काय?

हा प्रश्न मला ग्रंथात भेटला नाही. तो मध्य प्रदेशातील पाताळपाणी ते कालाकुंड या अवघ्या दहा किलोमीटरांच्या लोहमार्गावर भेटला. इंदूरजवळच्या महू गावापासून थोड्याच अंतरावर माळव्याचे पठार एकाएकी संपते, आणि चोरल नदीच्या दरीत विंध्याचा कडा उतरतो. या कड्यावरून नर्मदेच्या खोऱ्यात जाणारी आगगाडी इंदूरचे महाराज दुसरे तुकोजीराव होळकर यांच्या पैशाने झाली. त्यांनी १८७० साली इंग्रज सरकारास एक कोटी रुपये, सालीना साडेचार टक्के व्याजाने आणि एकशे एक वर्षांच्या मुदतीने, कर्जाऊ देऊ केले. संस्थानिकाने सरकारास कर्ज द्यावे, आणि त्या कर्जाची मुदत देणाऱ्याच्या संस्थानाहून व घेणाऱ्याच्या साम्राज्याहूनही दीर्घायुषी ठरावी, ही इतिहासाची एक गंमतच म्हणावयाची. असो. खांडव्याहून निघालेली ही मीटरगेजची, म्हणजे दोन रुळांमध्ये एक मीटर अंतर ठेवणारी, वाट त्याच दशकात घाट चढून इंदुरास पोहोचली. घाटाचा चढ चाळीस फुटांस एक फूट इतका उभा असल्यामुळे गाडीला जादा इंजिन लावून ती वर रेटावी लागे. पुढे मीटरगेजच्या जागी ब्रॉडगेज टाकावयाचे ठरले, तेव्हा अशा उभ्या चढावर रुंद रूळ टाकणे व्यवहार्य नाही असे दिसून आले, आणि नवी वाट दुरून वळवून नेण्याचा निर्णय झाला. जुना तुकडा तसाच उरला. त्या उरलेल्या तुकड्यावर डिसेंबर २०१८ पासून मोठमोठ्या खिडक्यांच्या डब्यांची एक गाडी केवळ पाहणाऱ्यांसाठी सुरू करण्यात आली. तिलाच वारसा गाडी म्हणतात.

प्रवास सुखाचा आहे, हे प्रथमच सांगून टाकतो. पावसाळ्यात पाताळपाण्याचा धबधबा भरून वाहत असतो. गाडी बोगद्यांतून आणि पुलांवरून सावकाश उतरत कालाकुंडास येते. दरीच्या तळाशी असलेले हे स्थानक आकाराने लहान. डागडुजी करून, रंग देऊन ते नीटनेटके ठेवले आहे. येथला कलाकंद प्रसिद्ध आहे, आणि ती प्रसिद्धी खोटी नाही. माझ्यासोबत माझे एक वृद्ध मामा होते. त्यांचे सारे आयुष्य गंगाखेड तालुक्यातील राणीसावरगावात गेलेले. गावाला आगगाडी नाही. आगगाडीस जाणे म्हणजे गंगाखेडास जाणे, आणि गाडी चुकली तर फलाटावर पथारी पसरणे. डब्यातील इतर मंडळी खिडकीबाहेर माना काढून दरी पाहत होती. मामा डब्याच्या आतील रुंदी डोळ्यांनी मोजत होते. काही वेळाने ते म्हणाले, "अरे, ह्यात बघायसारखं काय हाय? ह्याच गाडीत उभं राहून राहून आपण पाय सुजवलेत की!"

मामांचे हे उद्गार वाटतात तितके थट्टेचे नव्हते. भूगोलाच्या दृष्टीने ते अक्षरशः खरे होते. निजामाच्या राज्यात हैदराबादहून गोदावरीच्या खोऱ्यातून मनमाडास जाणारा लोहमार्ग विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी झाला, तो मीटरगेजचा. पुढे परभणीहून गंगाखेडमार्गे परळीस फाटा निघाला, तोही मीटरगेजचाच. स्वातंत्र्यानंतर पूर्णा, हिंगोली, अकोला, खांडवा असा दुवा जोडला गेला, आणि दक्षिणेचे अरुंद रूळ महू-रतलामच्या अरुंद रुळांस जाऊन मिळाले. काचीगुड्याहून निघणारी मीनाक्षी एक्सप्रेस याच वाटेने, याच कालाकुंडच्या घाटाने, राजस्थानात जात असे. म्हणजे गंगाखेडच्या फलाटापुढचे रूळ आणि कालाकुंडच्या फलाटापुढचे रूळ हे एकाच अखंड धाग्याची दोन टोके होती. तो धागा आता जागोजाग तुटला आहे. त्याचा एक तुकडा येथे जपून ठेवला आहे, आणि आम्ही मराठवाड्याची माणसे तो पाहण्यास पैसे मोजून आलो होतो.

आता ज्यास मराठवाडा ठाऊक नाही त्या वाचकास या गोष्टीतील बोच कळावयाची तर थोडा खुलासा केला पाहिजे. त्या काळी परभणीकडच्या माणसास अजमेरास जावयाचे झाल्यास रुळांची रुंदी बदलण्याचे कारण पडत नसे. परंतु मुंबईस, म्हणजे ज्या राज्याचा तो नागरिक होता त्या राज्याच्या राजधानीस, जावयाचे झाल्यास मनमाडास उतरून गाडी बदलावी लागे. दुसऱ्या बाजूस विकाराबादेकडून आलेले रुंद रूळ परळीस येऊन थांबत. दोन्हीकडे रुंद दारे आणि मध्ये हा अरुंद बोळ, अशी आमच्या मुलखाची अवस्था. माणूस निदान आपल्या पायांनी उतरतो. माल उतरत नाही. कापसाची गाठ असो की धान्याचे पोते असो, रुंदी बदलली की ते एका वाघिणीतून हमालाच्या पाठीवर आणि पाठीवरून दुसऱ्या वाघिणीत चढवावे लागे. त्यात वेळ जाई, नासधूस होई, भाडे वाढे. आणि ज्या व्यापाऱ्यास वा कारखानदारास या कटकटीशिवाय दुसरीकडे जागा मिळत असे, तो आमच्याकडे कशाला फिरकेल? म्हणून 'रुंदीकरण' हा शब्द मराठवाड्यात केवळ इंजिनिअरांचा राहिला नाही. निजामाविरुद्ध लढलेल्या गोविंदभाई श्रॉफांसारख्या माणसाने स्वातंत्र्यानंतर वर्षानुवर्षे हा प्रश्न लावून धरला, यावरून त्या शब्दाचे वजन ध्यानात यावे. त्यांच्या पिढीस मीटरगेज हे मागासलेपणाचे कारण आणि चिन्ह अशा दोन्ही नात्यांनी सलत होते. मनमाड-औरंगाबाद-परभणी-परळी या वाटेचे रुंदीकरण व्हावयास १९९० चे दशक उजाडावे लागले. जुने रूळ उखडले गेले, तेव्हा मराठवाड्यात कोणी डोळ्यांस पदर लावल्याचे ऐकिवात नाही.

मग कालाकुंडच्या गाडीत आम्ही आनंदाने बसावे की नाही? एक कठोर उत्तर असे देता येईल की, बसू नये. जे बेडीसारखे होते ते बेडीसारखेच आठवावे. बेडीला फुले वाहणे हा तिने जखडलेल्या पायांचा अपमान आहे. या उत्तरात एक ताठ कणा आहे, हे मान्य केले पाहिजे. तथापि ते मला पटत नाही, आणि न पटण्याचे कारण गंगाखेडातच आहे. गंगाखेड हे संत जनाबाईंचे गाव. जनाबाई म्हटली की जाते डोळ्यांपुढे उभे राहते. पंढरपूरजवळ गोपाळपुरास तिचे म्हणून एक जाते भाविकांस दाखवितात आणि लोक त्यापुढे हात जोडतात. आता जाते हे काही सुखाचे साधन नव्हते. पहाटेच्या अंधारात उठून, अर्धपोटी, कधी अंगावरचे मूल मांडीवर घेऊन, ज्या बायांनी जन्मभर दळले त्यांच्या खांद्यांस विचारावे. गावात पिठाची गिरणी आली तेव्हा त्यांनी सुटकेचा श्वास टाकला, आणि तो योग्यच होता. परंतु त्याच बायांनी जात्यावर ओव्या गाइल्या. त्या ओव्यांत माहेर आहे, भाऊ आहे, विठ्ठल आहे. सासूचा जाच आहे आणि दळणाचा कंटाळाही आहे. म्हाताऱ्या बायांपुढे जात्याचा विषय काढला तर त्या हसतात, एखादी ओवी म्हणतात, आणि पुन्हा दळावयास बसाल का असे विचारले तर हात झाडतात. प्रेम आणि सुटकेची इच्छा या दोन्ही गोष्टी एकाच मनात, एकाच वस्तूविषयी, खोटेपणावाचून नांदू शकतात. तेव्हा ज्याने सोसले त्याने आठवून हसावे, हा त्याचा हक्क आहे. मामांनी पाय सुजल्याचे सांगितले खरे, पण बोगदा आला तेव्हा लहान मुलांबरोबर त्यांनीही एक आरोळी ठोकलीच.

परंतु हा हक्क वारशाने जसाच्या तसा मिळतो काय? येथे मला थांबावेसे वाटते. ओवी ही दळणारीची. शहरातील एखाद्या उपाहारगृहाच्या दारात रंगवून ठेवलेले जाते असते, त्याला ओवी नसते. तेथे जाते उरते आणि दळणारी नाहीशी होते. कष्ट वजा केल्यावर जी आकृती उरते तिला आपण सौंदर्य म्हणू लागतो. ज्याने सोसले त्याचे हसू आणि ज्याने सोसले नाही त्याचे कौतुक, या दोन गोष्टी बाहेरून अगदी सारख्या दिसतात. म्हणूनच त्यांची सहज गल्लत होते.

ही गल्लत किती दूर जाऊ शकते याचे एक उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. नेरळहून माथेरानास जाणारी दोन फूट रुंदीची लहानगी गाडी आदमजी पीरभॉय कुटुंबाने १९०७ साली पुरी केली; २००५ च्या अतिवृष्टीने तिची वाट वाहून गेली, ती पुन्हा बांधली; नंतरही ती कितीदा बंद पडली आणि कितीदा सुरू झाली. तिच्यावर लोकांचे प्रेम आहे आणि ते निर्मळ आहे. परंतु त्याच माथेरानात, मोटारींस बंदी म्हणून, माणसाने माणसास ओढण्याच्या हातरिक्षा चालत आल्या, आणि त्यांसही कित्येक लोक माथेरानच्या जुन्या शोभेचा एक भाग समजत. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा मानवी प्रतिष्ठेस विसंगत ठरवून सहा महिन्यांत बंद करण्यास सांगितले. गाडी आणि हातरिक्षा, दोन्ही जुन्या, दोन्ही डोळ्यांस रम्य. पण एकीचे कष्ट भूतकाळात जमा झाले होते आणि दुसरीचे कष्ट पाहणाऱ्याच्या समोर, चढावर, धापा टाकीत होते. एवढा ढळढळीत भेद न्यायालयाने दाखवीपर्यंत आपल्यास दिसू नये, यावरून रम्यतेची धुंदी किती दाट असते ते समजते.

कालाकुंडास कोणी माणसास ओढीत नाही. तरी तेथेही एक बारीक सल आहेच. २०२३ च्या आरंभी रुंदीकरणाच्या कामासाठी महूकडून ओंकारेश्वराकडे जाणाऱ्या रोजच्या मीटरगेज गाड्या बंद झाल्या. बाजारास जाणारा, दवाखान्यात जाणारा, देवास जाणारा उतारू त्या वाटेवरून नाहीसा झाला. दरी पाहणारा उतारू तेवढा राहिला. वाट जगली, वाटसरू बदलला. यात कोणी अन्याय केला असे माझे म्हणणे नाही. रूळ बदलावयाचे तर गाड्या बंद कराव्याच लागतात, आणि पर्यटकांची गाडीही बंद ठेविली असती तर त्या गावांस काय लाभ झाला असता? परंतु आपण ज्यास स्थानकाचे पुनरुज्जीवन म्हणतो त्यात जीव कोणाचा, हे विचारण्यास हरकत नसावी.

याहून अवघड प्रश्न निराळा आहे. जुने स्थानक पूर्वीसारखे करावयाचे, म्हणजे कोणत्या पूर्वीसारखे? पाताळपाण्याच्या शेजारचे महू, ज्या स्थानकास आता डॉ. आंबेडकर नगर म्हणतात, ते बाबासाहेबांचे जन्मस्थान. त्यांच्या आठवणींत एक रेल्वे स्थानक आहे, पण ते महूचे नाही. ते सातारा जिल्ह्यातील मसूरचे आहे, आणि तोही मार्ग त्या काळी मीटरगेजचाच होता. १९०१ साली सुमारे नऊ-दहा वर्षांचे भीमराव, भाऊ आणि भाच्यासह, नवे कपडे घालून वडिलांकडे जाण्यास निघाले आणि मसूरला उतरले. पत्र वेळेवर न पोहोचल्याने न्यावयास कोणी आले नव्हते. स्टेशनमास्तराने प्रथम आपुलकीने चौकशी केली. मुले महार आहेत हे कळताच त्याचा चेहरा पालटला आणि तो आपल्या खोलीकडे निघून गेला. कोणी गाडीवान गाडी देईना. अखेर दुप्पट भाडे देऊन, गाडी मुलांनी स्वतः हाकावी आणि गाडीवानाने बाजूने चालावे, अशा अटीवर ती मिळाली. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या लेखनात ही हकीगत त्यांनी स्वतः लिहिली आहे. आता उद्या कोणी म्हणाले की १९०१ सालचे मसूर स्थानक जसेच्या तसे उभे करू या, तर घंटा, कंदील, पितळी पाटी आणि लाकडी बाक एवढे मांडून ते काम पुरे होईल काय? त्या फलाटावरून निघून गेलेली ती पावले कोठे मांडावयाची? हिंदू पाणी आणि मुसलमान पाणी अशी वेगळी पिंपे अनेक स्थानकांवर असत, ती मांडावयाची की वगळावयाची? वगळली तर स्थानक खोटे होते. नुसती शोभेकरिता मांडली तर त्याहूनही वाईट काही होते.

यातून माझ्या मनात जे हळूहळू ठरत गेले ते असे. एखाद्या वस्तूविरुद्ध झालेली तक्रार ही त्या वस्तूच्या बाहेरची गोष्ट नाही. ती त्या वस्तूचाच एक भाग आहे, जसा सावली हा झाडाचा भाग असतो. मीटरगेजचा वारसा म्हणजे इंजिन, डबा, बोगदा आणि पूल. आणि त्याचबरोबर मनमाडच्या फलाटावर बदलाव्या लागलेल्या गाड्या, हमालांच्या पाठी, आणि हे रूळ काढा म्हणून लिहिलेली निवेदने. ज्याने इंजिन जपले आणि निवेदन रद्दीत टाकले, त्याने अर्धाच वारसा जपला. आणि अर्धाही असा निवडला की उरलेल्या अर्ध्याची कोणास आठवण होऊ नये.

रेल्वेने आजवर एकही गाऱ्हाणे जपले नाही असे मात्र नाही. १९०९ साली ओखिलचंद्र सेन या बंगाली उतारूने लिहिलेले एक पत्र प्रसिद्ध आहे. गाडीत शौचकूप नसल्यामुळे तो अहमदपूर स्थानकावर उतरला. गार्डाने शिटी फुंकली. एका हातात लोटा आणि दुसऱ्या हातात धोतर धरून तो धावला आणि सर्वांदेखत पडला. गाडी निघून गेली. हे पत्र दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात ठेवण्यात आले, आणि अशाच गाऱ्हाण्यांमुळे खालच्या वर्गाच्या डब्यांत सोय झाली असे म्हणतात. त्या पत्रातील इंग्रजी मोडकीतोडकी आहे. लोक ती वाचून पोट धरधरून हसतात. हसोत बापडे. परंतु हसता हसता त्यांस एवढे तरी कळते की ज्या सोयीस आपण जन्मसिद्ध समजतो ती कोणाच्या तरी फजितीतून आली आहे. महात्मा गांधींनी १९१७ साली तिसऱ्या वर्गाच्या हालांवर लिहिले ते गंभीर होते, म्हणून त्यास मान मिळाला. सेनांचे पत्र हास्यास्पद होते, म्हणून ते तोंडातोंडी झाले. दोहोंचे काम एकच.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो मला तुच्छ वाटत नाही. रविवारी मुलाबाळांस घेऊन धबधबा पाहावयास निघालेल्या गृहस्थास तुम्ही इतिहासाच्या न्यायासनापुढे का उभे करता? त्याने आठवडाभर काबाडकष्ट केले, त्यास दोन घटका हिरवळ पाहू द्या. खरे आहे. आनंदावर पहारा बसविणारी नीती फार काळ टिकत नाही, आणि टिकली तर मनुष्यास कोरडे करून टाकते. माझे मागणे आनंद कमी करण्याचे नाही. पाताळपाण्याजवळ तंट्या भिल्लाचे ठाणे आहे. इंग्रजांनी त्यास १८८९ साली जबलपुरास फाशी दिले, आणि त्याचे प्रेत या रुळांजवळ आणून टाकले अशी लोकांची श्रद्धा आहे. येथून जाताना गाडी क्षणभर थांबावी आणि चालकाने त्यास नमन करावे, असा रिवाज पडला. ज्या राज्याने रूळ टाकले त्याच राज्याने मारलेल्या माणसापुढे त्याच रुळांवरची गाडी थांबते. उतारू हात जोडतात आणि पुढच्या वळणावर पुन्हा दरी पाहू लागतात. त्यांच्या सहलीत त्यामुळे काही उणे पडल्याचे दिसत नाही. हा रिवाज कोणा वारसासमितीने ठरविला नव्हता. गाडी हाकणाऱ्यांनी आणि गाडीत बसणाऱ्यांनी तो पाडला. विद्वानांनी परिषदा भरवून जे साधत नाही ते कधी कधी एका क्षणाच्या थांब्याने साधते.

हे सारे दूरच्या घाटाविषयी झाले. आता प्रश्न आमच्या दाराशी आला आहे. गंगाखेडचे स्थानक केंद्र सरकारच्या अमृत भारत योजनेत घेतले गेले आहे. इमारतीस नवे रूप येईल, आणि गावाच्या लौकिकास अनुसरून कोणी भिंतीवर जनाबाईचे चित्र काढले तर त्याहून उचित काय? त्या चित्रात जाते असेलच. त्याच भिंतीवर हातभर जागा मीटरगेजकरिता मागावी असे मला वाटते. तेथे जुन्या रुळाचा एक मीटर लांबीचा तुकडा आडवा ठेवावा, म्हणजे दोन रुळांतील अंतर किती होते ते मुलांस हाताने मोजता येईल. शेजारी रुंदीकरणाच्या मागणीचे एखादे खरेखुरे निवेदन काचेखाली असावे, सह्यांसकट. अंगठ्यांचे ठसे असतील तर तेही. मनमाडास पोती वाहणाऱ्या एखाद्या हमालाचा पितळी बिल्ला कोणाच्या घरी सापडला तर तो. आणि स्टेशनमास्तराच्या टेबलावर पूर्वापार असते ती तक्रारवही, एखादे जुने पान उघडून ठेवलेली. नवी तक्रारवही मात्र काचेखाली ठेवू नये. ती हाताशी आणि पेनासकट असावी. परभणी ते परळी अजून एकच रूळ आहे, समोरून गाडी येत असली की दुसरी अडून राहते, आणि राणीसावरगावाहून एस्टीने आलेल्या माणसास त्याविषयी लिहावयाचे पुष्कळ आहे.